उंबऱ्यावर पालथी माणसं

मी पायाळू. जन्मताना माझे आधी पाय आले आणि डोकं सगळ्यांत शेवटी. बाळंतपण चंद्राआत्यानं केलं होतं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, आणि पुढं आयुष्यभर तिनं ही गोष्ट अशी सांगितली की जणू तो माझाच बेत होता. "डावा पाय आधी, मंग उजवा. मी म्हणलं, ही पोरगी दुनियेत चालतच आली." माय मात्र या गोष्टीवर कधी हसली नाही. ती भाकरी थापत राहायची, जरा जास्तच जोरात.

धावड्याकडं, भोकरदन तालुक्याच्या त्या डोंगराकडच्या टोकाला, पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो अशी समजूत होती. अजूनही आहे. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की त्यानं पायाळूच्या दारात जायचं आणि पाठीवर पाय लावून घ्यायचा. आमचा भाग मिरचीचा. मिरची तोडायची म्हणजे दिवसभर वाकून सऱ्यांमधून पुढं सरकायचं, आणि दिवस मावळताना सरळ उभं राहायला गेलं की ज्याची त्याची कंबर ज्याला त्याला कळायची. त्यामुळं हंगामात मंगळवारी आणि रविवारी, तांबडं फुटायच्या सुमाराला, आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची. नियम ठरलेले होते आणि ते सगळे आत्याच्या ताब्यात होते. आजाऱ्यानं तोंड न धुता यायचं. उंबऱ्यावर पालथं पडायचं, छाती घरात, पाय बाहेर ओट्यावर. मी चौकटीला हात धरून कडेला उभं राहायचं, डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर ठेवायची, वजन टाकायचं, उचलायचं, पुन्हा टाकायचं. या सगळ्यात ना त्यानं बोलायचं, ना मी. "हूं"सुद्धा नाही. बोललं की गुण गेला. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, घेतलं तरी गुण गेला. झालं की त्यानं उठायचं आणि मागं न बघता चालू लागायचं.

मला दुधाचे दात होते तेव्हापासून हे सुरू होतं. तेव्हा गंमत वाटायची. एरवी ज्यांच्या गुडघ्याएवढी मी, ती माणसं माझ्यासमोर पालथी. बनियनच्या पाठी, लुगड्याच्या पाठी, घामेजलेल्या, खरखरीत, काही दगडासारख्या ताठ, काहींच्या आत दोरीच्या गाठीसारखं काहीतरी टाचेला लागायचं आणि दाबलं की सरकायचं. एखाद्या पाठीतून 'कट्' असा आवाज निघाला की ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघून माना डोलवायची. निघाली उसण! पाय लावून झाल्यावर आत्या पुढचा ताबा घ्यायची. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायचा, एरंडाच्या पानात बांधून कमरेला शेक द्यायचा, लसूण जाळलेलं तिळाचं तेल चोळायचं, आणि "चार दिवस वझं उचलायचं न्हाई" म्हणून दम भरायचा. माझ्या मते निम्मा गुण त्या शेकाचा होता आणि उरलेला निम्मा चार दिवस थांबण्याचा. पण हे तेव्हा म्हणायची माझी टाप नव्हती.

आता माझा जालन्यात व्यायामोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, दवाखाना आहे, केस पांढरे झालेत, आणि तो 'कट्' आवाज अजून माझी पाठ सोडत नाही. परवा एक पोरगं आलं, मान आखडलेली. मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात एक गोरा माणूस कुणाच्यातरी मानेला असा झटका देत होता की ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. "मॅडम, असा आवाज काढा ना." बायपासवर हाडं कडकडा वाजवून देणाऱ्याची पाटीही लागली आहे, तिथं गर्दी असते. मी त्या विद्येला नावं ठेवत नाही. नीट शिकलेल्या हातानं नीट निवडलेल्या पाठीला आराम पडतो, मी स्वतः रोज माणसांच्या पाठींना हात लावूनच पोट भरते. पण आवाज म्हणजे सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा झाला एवढंच. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही. त्या पोराला मी आधी बसवलं आणि विचारायला लागले. हाताला मुंग्या येतात का, बोटांतून वस्तू गळते का. ते कंटाळलं. "मॅडम, तुम्ही लई इचारता." मी म्हटलं, "हो बाबा. माझं सगळं आयुष्य एकदा तोंड उघडून विचारल्यावरच सुरू झालंय."

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा पाय लावण्याचा प्रकार बिलकुल खपत नव्हता. ते गवंडी. चौथीपर्यंत शिकलेले, पण वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे. आमचं घर दीक्षा घेतलेलं, भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्याखाली दादांनी स्वतः गिलावा घोटून केलेला कोनाडा. सकाळी कामावर निघताना ओट्यावरची माणसं दिसली की ते थापी घमेल्यात आपटायचे. "देव सोडले, दगड सोडले, आन् आता पोरीचा पाय पुजायला लागलो?" आत्या चुलीपुढून उत्तर द्यायची, "पुजून कोण राह्यलंय? पाय हाय, लागतो, लोकायला बरं वाटतं. तुझ्या थापीला गुण हाय का न्हाई? तसा तिच्या पायाला." मग एकदा स्लॅबचं काम करून आलेले दादा सकाळी उठले ते काटकोनात. अर्धा दिवस भिंत धरून बसले. मंगळवार होता. ओट्यावरची माणसं पांगल्यावर ते काही न बोलता आले आणि उंबऱ्यावर पालथे पडले. आत्याही काही बोलली नाही, नियमच होता तसा. पण पुढं कित्येक दिवस भाजीत मीठ कमी म्हटलं तरी ती म्हणायची, "कमरेला तर बरं वाटून राह्यलं ना?" बापाच्या पाठीला पाय लावला म्हणून मी आत जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, त्यांच्या सदऱ्याला हात लावून तो डोळ्यांना आणि छातीला लावला. इतर कुणासाठी कधी तसं केलं नव्हतं.

गावातलं मोठं घर रंगनाथरावांचं. मिरचीचा टेम्पो त्यांच्याच वावरात सगळ्यांत आधी भरायचा. त्यांच्या कमरेत उसण भरली तेव्हा त्यांनी गडी पाठवला. "मालक म्हणतेत, पोरीला गाडीत घालून वावरात आणा."

आत्या म्हणाली, "पाय गाडीत बसून येत न्हाई. उंबरा लागतो."

"आखाड्यावर, वावरातल्या घराला बी उंबरा हाय की."

"तो तुमचा. हिचा लागतो."

गडी गेला. पुढच्या रविवारी, अजून नीट दिसतही नव्हतं तेव्हा, अंगावर घोंगडी आणि घोंगडीतच तोंड असे रंगनाथराव आमच्या वस्तीत आले. अख्ख्या वस्तीला एकदम घरात काम निघालं. एक माणूस बाहेर नव्हता, आणि प्रत्येक कुडाच्या फटीत एक डोळा होता. ज्या घराच्या ओसरीवर माझी माय कधी चढली नाही, तिला पाणी वरून ओंजळीत वाढलं जायचं, त्या घराचा मालक माझ्या टाचेखाली पडलेला. मी सगळ्यांना लावायची तेवढाच पाय लावला. ते घोंगडी सावरत गेल्यावर आत्या कानाशी कुजबुजली, "जरा जास्त दाबायचं की गं." पुढं ते दरवर्षी एकदा यायचे. आमची एकमेकांशी एका शब्दाची ओळख नव्हती.

बारावी मी भोकरदनला केली, एसटीनं जाऊन येऊन, सायन्स घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच कुणी पाहिली नव्हती. मार्क चांगले पडले, हे मी मुद्दाम सांगते, कारण ते कुणी मला दिले नव्हते. पुढच्या शिक्षणाचे कागद भरून झाले होते, निरनिराळ्या याद्या लागायच्या होत्या, कुठल्या यादीत काय असतं हे दादांना ठाऊक नव्हतं आणि मलाही अर्धवटच ठाऊक होतं. त्या दिवसांची आठवण म्हणजे नुसती तगमग. एक तर मिरचीचा पहिला तोडा सुरू झालेला. आत्या वाटण भाजायला बसली की घरभर ठसका, माणसं शिंकतायत, कुत्रं शिंकतंय. चुलीवर येसराची आमटी रटरटतेय, तिचा वास एरवी मला भूक लावायचा, तेव्हा पोटात काही जात नव्हतं. त्यात आभाळ सारखं भरलेलं. पायाळूवर वीज पडते अशी आणखी एक समजूत, त्यामुळं लांब कुठं गडगडलं तरी आत्या मला घरात कोंडायची. लोखंडाजवळ बसायचं नाही, दारात उभं राहायचं नाही. मी चुलीपासून दारापर्यंत जायची, दारापासून चुलीपर्यंत यायची.

"बस की एका जागी. पायात भिंगरी हाय का?"

"आत्या, जालन्याला, औरंगाबादला वीज पडत न्हाई का? तिथं कोण कोंडील मला?"

"म्हणून तर म्हणते, जाऊ नको."

ती हे हसत म्हणायची, पण तिचे डोळे हसत नसायचे. मी गेले तर ओटा रिकामा पडणार होता. विधवा बाई, भावाच्या घरात राहिलेली. त्या ओट्यावर बसलेली माणसं तिला 'आत्याबाई' म्हणायची, मोठ्या घरचीसुद्धा. एवढाच काय तो तिचा दरारा होता.

अशाच एका दुपारी, ना मंगळवार ना रविवार, वस्तीच्या तोंडाशी जीप थांबली. पुढं बोळात चिखल होता. जीपमधून रंगनाथराव उतरले, उघड्या तोंडानं, आणि मागं दोन गड्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांचा मुलगा सुदाम. माझ्याहून थोडा मोठा, कबड्डीत गावाची शान, टेम्पोत मिरचीची पोती चढवताना गड्यांशी पैज लावणारा. अशाच एका पैजेत त्याच्या पाठीत कळ निघाली होती. बरेच दिवस सोसली. मग शेजारच्या गावच्या एका पैलवानाकडं नेलं, त्यानं पाठीवर उभं राहून नस बसवली म्हणे. मोठा आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवसापासून डावा पाय त्याचं ऐकेना. ही हकिगत गडी चालता चालताच वस्तीला सांगत होता. सगळ्यांत मागं सुदामची आई, गयाबाई, पदर तोंडात धरून. बोळातल्या चिखलात सुदामच्या डाव्या पायातली चप्पल निघाली आणि तो तसाच पुढं आला. वाटेत दादांनी आणून टाकलेली खडी होती, तिच्यावरून तो पाय फरपटत आला.

आत्या म्हणाली, "आज वार न्हाई."

"वाराचं राहू द्या, आत्याबाई," रंगनाथराव म्हणाले. "पोरगं तडफडून राह्यलं. जल्दी करा."

आत्याच्या तोंडाकडं मी बघत होते. दिवसाढवळ्या, घोंगडी न घेता, साऱ्या वस्तीसमोर तो माणूस तिला आत्याबाई म्हणत होता. तिनं पदर खोचला, उंबरा झाडला. "पाडा पालथं."

सुदामला पाडलं. मी चौकट धरली आणि टाच ठेवली. पाठ फळीसारखी ताठ. तशा पाठी मी पुष्कळ पाहिल्या होत्या, त्याचं काही नव्हतं. पण त्याचे पाय बाहेर ओट्यावर होते आणि डाव्या तळव्यातून रक्त येत होतं. खडीनं चांगलं कापलं होतं. माशा बसत होत्या. उजवा पाय कळेनं वळत होता आणि डावा तसाच, दुसऱ्या कुणाचातरी आणून ठेवल्यासारखा पडलेला. बारावीच्या पुस्तकात पाठीच्या कण्याची आकृती होती. ती मी इतक्या वेळा काढली होती की डोळे मिटून काढली असती. कमरेतून निघणाऱ्या नसा कुठं जातात, पायांत जातात, आणखी कुठं जातात. रोगाचं नाव मला येत नव्हतं. मी टाच उचलली आणि तोंड उघडलं.

"सुदाम, डाव्या पायाची बोटं हलव."

ओट्यावर कुणीतरी "अगाई" म्हणालं. आत्यानं कपाळावर हात मारला.

"हलवली की," सुदाम उंबऱ्याला तोंड लावून म्हणाला.

एक बोट हललं नव्हतं.

"लघवीला कधी गेल्ता?"

ओट्यावरच्या बायांनी पदर तोंडावर ओढले. सतरा-अठरा वर्षांची पोरगी, तरण्या पोराला, त्याच्या बापादेखत हे विचारते. रंगनाथरावांच्या मानेची शीर फुगली. पण उत्तर त्यांच्यामागून आलं. गयाबाईंनी पदर तोंडातून काढला होता. "कालपासून गेला न्हाई. पोट तट्ट झालंय. म्हणतो, लागतच न्हाई."

मी पाय खाली ठेवला. "मी न्हाई लावणार. याला दवाखान्यात न्या. मोठ्या, औरंगाबादला. आत्ता."

"सुनी!" आत्या ओरडली. "दारात आलेल्याला न्हाई म्हणू ने!"

रंगनाथराव सावकाश बोलले, तेच जास्त वाईट होतं. "आमच्या घरचं माणूस तुमच्या दारात पालथं पडलं. सगळं गाव बघून राह्यलं. आन् तू न्हाई म्हणती?" मागून गडी बोलला, "मालक, बराबर डाव साधला पोरीनं." एवढ्यात दादा कामावरून आले, हाताला सिमेंट, डोक्यावर रुमाल. त्यांनी ओटा बघितला, जीप बघितली, मालकाचं तोंड बघितलं. जवळ येऊन मला हळूच म्हणाले, "लाव पाय, पोरी. लाव आन् वाद मिटव."

"दादा? तुम्ही म्हणता हे?"

"तू जाशील शिकायला. आम्हाला जिंदगी इथंच काढायचीय."

एवढी वर्षं थापी आपटणारा हा माणूस. राग आला आणि त्याच दमात कळलंही की ते खोटं बोलत नाहीत. पण माझी नजर पुन्हा त्या पायावरच्या माशांकडं गेली आणि मी आत्याचा दाभण काढला, गोधडीत टोचून ठेवलेला.

"काकू, तुम्ही इकडं या. पायाकडं बसा. सुदाम, मागं बघायचं न्हाई. मी टोचलं की सांग."

मी उजव्या तळव्याला दाभण लावला. सुदामनं अशी शिवी हासडली की वस्तीतल्या बाया हसल्या. मग डाव्या अंगठ्याला टोचलं. मग टाचेला. मग पिंडरीला, जरा जोरानं. रक्ताचा थेंब आला, गोल, आणि ओघळला. गयाबाई त्या थेंबाकडं बघत होत्या.

"आता डाव्याला टोच ना," सुदाम म्हणाला. "काय थांबली? भिली का काय?"

कुणी हसलं नाही. गयाबाई उठल्या. नवऱ्यापुढं तोंड उघडताना त्यांना गावानं कधी पाहिलं नसेल. "गाडी फिरवा."

"अगं, आपण जरा..."

"फिरवा म्हणते ना!"

मी म्हटलं, त्याला बसवून नेऊ नका, सपाट न्या, कंबर वाकवू नका. बाज झोळ पडलेली होती, ती उपयोगाची नव्हती. तेव्हा दादा हलले. घरामागं सेंट्रिंगच्या फळ्या रचलेल्या होत्या, त्यातली रुंद फळी ते एकट्यानं घेऊन आले आणि गड्यांना म्हणाले, "धरा. माझ्या बाजूनं मी धरतो." जीपच्या मागच्या फळक्यावर तो असा गेला, पाय बाहेर निघालेले, डाव्याला आत्यानं चिंधी बांधलेली. रडत होती आणि बांधत होती. मला म्हणाली, "गेला तुझा गुण. बोलली तू."

मग वाट बघणं सुरू झालं. ते दिवस मी कसे काढले ते मला आजही नीट सांगता येत नाही. फोन गावात पोस्टात एकच, तोही बहुतेक वेळा मुका. रंगनाथरावांच्या घराला आतून कडी. कुणी म्हणायचं पोरगं गेलं, कुणी म्हणायचं दोन्ही पाय गेले, कुणी म्हणायचं पायाळूनं नाकारलं तिथंच त्याची दोरी तुटली. मंगळवार आला, रविवार आला, ओट्यावर कुणी नाही. आत्या सवयीनं पहाटे उंबरा झाडायची आणि केरसुणी हातात घेऊन तिथंच उभी राहायची. दादांना त्या आठवड्यात गावातलं ठरलेलं काम मिळालं नाही, कुणी कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मी भाकरी करपवत होते, हंडा अर्धाच भरून आणत होते. यादी लागायची आहे हे सुद्धा डोक्यातून गेलं होतं. मी चूक केली असं मला एकदाही वाटलं नाही, पण बरोबर असून काय करायचं, तो पोरगा उठला नाही तर? बरोबर असणं तेव्हा मला फार हलकं वाटलं.

शेवटी दादाच म्हणाले, "चल. तू इथं बसून घर तुडवून टाकशील."

आम्ही पहिल्या एसटीनं निघालो. आत्यानं धपाटे बांधून दिले, वर शेंगदाण्याची चटणी. "त्यायच्यासाठी हाय," ती म्हणाली, आणि लगेच, "घेतले तर." औरंगाबादच्या त्या मोठ्या दवाखान्यात आम्ही जिने चढत, विचारत, चुकत गेलो. गयाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. गावातून नेलं त्याच रात्री पाठीचं ऑपरेशन झालं होतं. मणक्यातली गादी सरकून नसांवर बसली होती, असं डॉक्टर म्हणाले. लघवी आता होत होती. डाव्या पायाचं कुणी काही सांगत नव्हतं. मी डबा पुढं केला. गयाबाईंनी धपाटं मोडलं, चटणी लावली आणि खाल्लं, दोन दिवस उपाशी असल्यासारखं. रंगनाथराव म्हणाले, "माझी दाढ दुखून राह्यली." दादा म्हणाले, "असू द्या, असू द्या."

सुदामला व्यायामाच्या खोलीत नेलं होतं. मी दारात उभी राहिले. आत दोन समांतर दांड्या, भिंतीला चाकं, वाळूच्या पिशव्या, आणि सुती साडीतली एक बुटकी बाई, जी त्या सहा फुटी गड्याला लहान पोरासारखं रागवत होती. तो पलंगावर पडलेला, दाढी वाढलेली, पोट खपाटीला गेलेलं. डावं पाऊल लोंबतं.

"वर उचल पाऊल. माझ्याकडं ओढ."

"होत न्हाई."

"मी झालं का विचारलं नाही. ओढ म्हटलं."

त्यानं दात खाल्ले, घाम आला, पाऊल तिथंच. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. बाईंची नजर माझ्यावर पडली. "तू कोण, बहीण का?"

मी दारातून एक पाऊल आत टाकलं. सुदामच भिंतीकडं तोंड ठेवून म्हणाला, "तिनंच पाठवलं इथं."

बाई माझ्याकडं नीट बघू लागल्या. "दाभण टोचणारी ती तू होय? ये इकडं. हात धुऊन ये." मी हात धुऊन आले. त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि सुदामच्या नडगीच्या हाडाशेजारी, बाहेरच्या अंगाला ठेवली. "हलकी ठेव. दाबू नको. आता डोळ्यांनी बघू नको, बोटांनी बघ. सुदाम, ओढ."

आजवर त्या घरच्या माणसांना माझी टाच ठाऊक होती. हात पहिल्यांदाच लागत होता. त्याची कातडी गार होती. गयाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "तुला कळतं ना यातलं, बाई?" त्या म्हणाल्या. "सांग. चालंल का हा?"

"मला न्हाई कळत, काकू," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि इतकं खरं काही मी तोवर बोलले नव्हते. मला ते कळून घ्यायचं होतं, त्या क्षणी, जेवणापाण्याहून जास्त.

"ओढ," बाई म्हणाल्या.

काही नाही. गार मांस. खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट.

"ओढ रे."

आणि माझ्या बोटांखाली काहीतरी उडालं. डोळ्याची पापणी फडफडावी एवढंच. पाऊल जागचं हललं नाही, बघणाऱ्या कुणाला काही दिसलं नसतं. बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या, पायाकडं नाही.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"काय आलं?" गयाबाई ओरडल्याच. "अगं, काय आलं?"

"जीव हाय, काकू. आत जीव हाय."

त्या मटकन खाली बसल्या आणि तिथंच फरशीवर रडायला लागल्या, मोठ्यानं, गावाकडं रडतात तसं. सुदामनं तोंड इकडं फिरवलं. डोळे लाल. "रडती कशाला मंग? जीव हाय म्हणली ती." आणि मला म्हणाला, "झालं ना? काढ आता हात. दमलो मी."

मी बोटं काढली नाहीत.

"पुन्हा ओढ," मी म्हटलं.